कौशल्या कोण करणार?

नाटकवाल्यांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. वर्षाला एक नाटक, त्याच्या चार महिने तालमी, आणि त्या चार महिन्यांत माणसं एकमेकांशी जे वागतात त्याची कुठल्याच मिनिट्समध्ये नोंद होत नाही. मग ते सांगत सुटण्यावाचून गत्यंतर नसतं. आमच्या इथल्या, कॅनडातल्या वॉटर्लूच्या मंडळींचे किस्से मी कित्येक वर्षं पॉटलकमध्ये सांगत आलेय आणि लोक जेवण थांबवून ऐकतात. फक्त गेल्या दोन वर्षांतल्या किश्शांची एक अडचण आहे. त्या सगळ्यांत एक मुलगी आहे, आणि तिचं नाव निघालं की माझा आवाज बदलतो असं माझा नवरा म्हणतो. बदलला तर बदलला. तुम्ही ऐका.

*

आधी आमचं नाटक कसं, ते सांगते. आम्ही दहा-बारा जण. बहुतेक नागपूर, वर्धा, यवतमाळकडचे. कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, मी एका इन्शुरन्स कंपनीत. दर एप्रिलला एटोबिकोच्या एका हॉलमध्ये जयंतीचा मोठा कार्यक्रम असतो. टोरांटोच्या चहूबाजूंनी आपली माणसं येतात, भाषणं होतात, जेवण होतं आणि शेवटी आमचं नाटक.

नाटक दरवर्षी तेच. आमच्या खोब्रागडे सरांनी लिहिलेलं, बसवतातही तेच. कौशल्या नावाची वीस वर्षांची पोरगी बापाचा विरोध असताना घर सोडते आणि नर्सिंग शिकायला तालुक्याला जाते. एवढीच गोष्ट. पण शेवटच्या प्रवेशाला अर्धा हॉल रडतो, कारण अर्ध्या हॉलच्या घरात कधी ना कधी एक कौशल्या होऊन गेलेली असते. दुसरं नाटक करू म्हटलं की लोकच नको म्हणतात.

आणि कौशल्या मी. चौदा वर्षं मीच. आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे हे मला घरी मान्य आहे, ऑफिसात मान्य आहे, फक्त स्टेजवर मान्य नव्हतं.

एकदा माझा मुलगा निखिल तालीम बघायला आला होता. परत येताना गाडीत म्हणाला, "आई, द कॅरेक्टर इज ट्वेंटी, राइट?"

"हो. मग?"

"नथिंग. इट्स जस्ट, युवर डॅड इन द प्ले इज यंगर दॅन यू."

खरं होतं. बापाचं काम करणारा ढोके माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नवरा गाडी चालवत होता. तो म्हणाला, "मेकअपनं होतं सगळं." हे तो माझ्या बाजूनं बोलला की निखिलच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

*

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आमच्या बेसमेंटला भाडेकरू म्हणून प्रेरणा आली. पुसदची. तेवीस वर्षांची. इथल्या कॉलेजात सप्लाय चेनचा कोर्स आणि उरलेल्या वेळात एका ग्रोसरीच्या बेकरी काउंटरवर काम. अंगानं काडी, आवाज बारीक, डोळे मात्र सतत काहीतरी टिपत असल्यासारखे.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. सिगारेट नाही ना, पाहुणे किती येतील, मच्छी तळणार असशील तर वरचा फॅन लावायचा. आणि सवयीनं शेवटचा प्रश्न, जो मी दिसेल त्या मराठी माणसाला विचारते, कारण आम्हाला गर्दीच्या प्रवेशाला बायका कायम कमी पडतात.

"नाटकात काम केलं का कधी?"

"शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी झाड झाली होती, ताई."

"बोलणारं?"

"नाही. शेवटी मला तोडतात."

मला ती इतकी आवडली की त्याच दिवशी किल्ली दिली. डिसेंबरात तालमी सुरू झाल्या तशी मीच तिला घेऊन गेले, मीच सरांना म्हटलं, "ही घ्या, गर्दीतली बाई." स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात ना, तो मी चार मैल गाडीत घालून नेला.

*

इथल्या घरांची एक गंमत आहे. हीटिंगचे पत्र्याचे डक्ट घरभर फिरलेले असतात आणि स्वयंपाकघरात बोललेलं सगळं त्यांच्यातून थेट बेसमेंटमध्ये उतरतं. मी रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना कौशल्याची वाक्यं म्हणते. मोठ्यानं म्हणते, कारण ती मोठ्यानं म्हणायचीच आहेत. खाली कुणी राहतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

जानेवारीतला रविवार. रात्रीतून फूटभर बर्फ पडलेलं, नवरा कामासाठी मार्कहॅमला अडकलेला. मी एकटीनं ड्राइव्हवे शोव्हल केला, गाडी काढणार तोच रस्त्यावरचं बर्फ सारणाऱ्या प्लाउवाल्यानं येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी नवा ढीग लावला. गाडी सोडली, चालत जाऊन एलआरटी, म्हणजे इथली ट्राम, गाठली. लायब्ररीच्या ज्या खोलीत आमची तालीम असते तिथे पोचायला मला सव्वा तास उशीर झाला.

दाराला काच होती. आत शेवटचा प्रवेश चालू होता. माझ्या जागी प्रेरणा उभी होती. हातात कागद नाही.

"बाबा, मला जाऊ द्या," ती म्हणत होती. "तुम्ही उंबऱ्यात अडवलं तर मी उंबऱ्यातच म्हातारी होईन. शिकलेली पोर घर बुडवत नाही, बाबा." मग ती थांबली. दोन पावलं गेली, वळली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "निळा डबा बाहेर ठेवला का?"

निळा डबा म्हणजे रिसायकलिंगचा. सोमवारी संध्याकाळी तो रस्त्याच्या कडेला ठेवायचं काम निखिलचं, आणि त्या जागी पोचले की मला तो नेमका आठवतो, म्हणून मी वाक्यामागोमाग त्याला ओरडते.

खोलीत कुणी हसलं नाही. ढोके मान खाली घालून उभा होता. आईचं काम करणाऱ्या वानखेडे वहिनींनी डोळ्यांना मफलर लावला. विदर्भातल्या एका खेड्यात, सत्तर वर्षांपूर्वी, निळ्या डब्यावर माणसं रडत होती.

सर म्हणाले, "हे डब्याचं कुठून आलं?"

"ताई दरवेळी म्हणतात ना इथं," प्रेरणा म्हणाली. "मला वाटलं, घर सोडून जातानाबी तिचं घरातच लक्ष आहे."

सरांनी वही उघडली, पेन काढलं आणि थोडा विचार करून परत ठेवलं. म्हणाले, "वाईट नाही."

मी दाराबाहेर बूट न काढता उभी होते. चौदा वर्षं मी ती वाक्यं म्हणत होते आणि वहिनींनी एकदाही मफलर काढला नव्हता. हेवा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अंगात थंडी भरते आणि कान तेवढे गरम होतात.

*

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? स्वयंपाकघरातल्या जमिनीवरची हीटिंगची जाळी काढली आणि आत दोन टॉवेल आणि सोफ्याची एक उशी कोंबली. शिक आता.

चार दिवसांत स्वयंपाकघर फ्रीजसारखं झालं. नवरा जॅकेट घालून चहा पिऊ लागला. तेल गोठलं. शेवटी त्यानं हीटिंगच्या माणसाला फोन केला. एक सरदारजी आले, गुडघ्यावर बसले, जाळी उचलली आणि एकेक वस्तू बाहेर काढून आमच्यासमोर मांडली. टॉवेल. टॉवेल. उशी.

"मॅडम, ये किसने डाला?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी निखिलकडे पाहिलं. निखिल म्हणाला, "व्हाय वुड आय?"

नेमकी त्याच वेळी प्रेरणा लाँड्रीची टोपली घेऊन वर आली होती. तिनं उशी पाहिली, मला पाहिलं. अर्धा सेकंद गेला असेल.

"भय्या, मैने डाला," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "सॉरी भाऊजी, फोडणीचा वास खाली येत होता. मी सांगायलाच विसरली."

इतकं सहज म्हणाली की नवऱ्यालाच वाईट वाटलं. "अगं, मग सांगायचं नाही का," असं म्हणून त्यानं तिला चहा दिला.

ती खोटं बोलली याचा मला राग आला नाही. इतकं चांगलं खोटं बोलली याचा आला. एक क्षण मलाही वाटून गेलं की उशी तिनंच टाकली असावी.

*

फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या मार्गरेट आजींनी बेल वाजवली. वय ऐंशीच्या पुढे. हातात लोकरीचं अस्तर असलेले बूट, जुने, पण पुसून चकचकीत केलेले.

"फॉर द गर्ल डाउनस्टेअर्स," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्या ज्या नजरेनं बघत होत्या ती मला कळेना. "आय सॉ हर अगेन धिस मॉर्निंग. शी हॅज नो शूज, डिअर."

मी मागच्या खिडकीतून पाहिलं. प्रेरणा आमच्या बॅकयार्डात अनवाणी चालत होती. बर्फावर नाही, बर्फ बाजूला सारून उघडी केलेली खडीची पट्टी होती तिच्यावर. दहा पावलं जायची, वळायची, दहा पावलं यायची. डोक्यावर माझी कपड्यांची टोपली.

मी दार उघडून ओरडले, "प्रेरणा, काय करून राहिली तू?"

"ताई, कौशल्या तालुक्याला अनवाणी जाते ना. सर म्हणाले, गर्दीतल्या बायकांनीबी तिला जाताना पाहिलं पाहिजे. मी म्हटलं, कशी दिसत असंल ते आधी पायाला कळू द्यावं."

आता इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. एटोबिकोच्या त्या हॉलची फरशी फार गार असते. चौदा वर्षं मी कौशल्या करताना कातडीच्या रंगाचे सॉक्स घालत आले होते. हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत होतं.

मार्गरेट आजींना समजावायला वीस मिनिटं लागली. नाटक, तालीम, रोल, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बूट माझ्या हातात देत म्हणाल्या, "शुअर. बट डू लेट हर वेअर देम."

आजही त्या मला पाहिलं की आधी प्रेरणाची चौकशी करतात.

*

आता किस्सा मीटिंगचा. आमच्या माणसांना संघटनेची सवय. चहात कोण किती पत्ती घालणार तेसुद्धा सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय ठरत नाही. आणि आमच्या मंडळाचा एक नियम आहे: जिनं एखादं काम आदल्या वर्षी केलं, तिनंच स्वतःच्या तोंडानं दुसरीचं नाव सुचवलं तरच ते काम दुसरीकडे जातं. कुणी कुणाला डावललं असं होऊ नये म्हणून हा नियम. तो पहिल्याच वर्षी कुणी मांडला होता ते विचारू नका. मीच मांडला होता.

त्यामुळे सगळी कुचंबणा. सरांना प्रेरणा हवी होती आणि बोलता येत नव्हतं. दोन मीटिंगा "भूमिकांचा विषय पुढे ढकलण्यात आला" असं लिहून संपल्या. सर माझ्याशी इतकं गोड बोलू लागले की मला त्यांची कीव यायची. पण मी तोंड उघडलं नाही. माझं काम होतं. का सोडू?

तिसऱ्या मीटिंगच्या आदल्या दिवशी वानखेडे वहिनी घरी आल्या. डब्यात आठ पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तुमचं आता वय झालं असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"पण द्यायचंच असंल तर आमच्या श्रेयाचं नाव घ्या ना. ती बाहेरची नाही. त्या बेसमेंटवालीचं काय, आज आहे, उद्या परमिट संपलं की गेली."

श्रेया त्यांची मुलगी. चांगली पोर. इथेच जन्मलेली. मराठी वाक्यं फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेते आणि कौशल्या वाचायला दिली तर बापाला निरोप देतानाही अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवते.

मी पोळ्या खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, अप्रतिम होत्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये भूमिकांचा विषय निघाला. सगळे जमिनीकडे बघायला लागले. प्रेरणा कोपऱ्यात खुर्च्यांच्या घड्या घालत होती. मी विचार करत होते. मी नाही म्हटलं तर या वर्षी मी, फार तर पुढच्या वर्षी मी. त्यानंतर कधीतरी दमून काम सोडीन आणि ते श्रेयाकडे जाईल. मग मी हॉलमध्ये बसून श्रेयाचा हेवा करणार? छे. माणसानं जळायचंच तर हेवा वाटावा अशा कुणावर तरी जळावं.

मी उभी राहिले. "कौशल्याच्या कामासाठी मी प्रेरणाचं नाव सुचवते."

वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ताई, काल तुम्ही पाच पोळ्या खाल्ल्या," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"सहा," मी म्हटलं. "अनुमोदक कोण?"

नऊ हात वर झाले. एकाही हाताला वर यायला वेळ लागला नाही, हे मला जास्त लागलं. प्रेरणा खुर्ची हातात धरून तशीच उभी होती. वहिनींनी जागच्या जागी आईच्या कामाचा राजीनामा दिला. तो मंजूर झाला, आणि प्रयोगाला दीड महिना उरलेला असताना कौशल्याची आई कोण करणार या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

*

कौशल्याची आई शेवटच्या प्रवेशात चुलीपाशी बसते. पोरगी आधी बापाचा निरोप घेते, मग आईपाशी येऊन बोलते आणि निघून जाते. आईला एकही वाक्य नाही.

मी सरांना म्हटलं, "आई काहीतरी बोलेल ना. 'जा, पोरी', एवढं तरी."

"नाही बोलत."

"काहून?"

"ताई, चौदा वर्षं वहिनी गप्प बसल्या. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही."

खरंच वाटलं नव्हतं. आई तिथे बसलेली असते हेच माझ्या लक्षात नसायचं.

बरं, बोलायचं नाही तर नाही. मी हालचाली सुरू केल्या. प्रेरणा बोलायला लागली की मी फुंकणी घेऊन चूल फुंकायची. पदर सारखा करायची. खोकायची. सर म्हणायचे, "आई, जरा कमी." एका तालमीला ती नेमकी बापाकडून माझ्याकडे वळणार, त्या क्षणाला मी पातेल्यावरचं झाकण हातातून सोडलं. सुटलं म्हणाले मी, पण सोडलं.

खणखण करत झाकण गोल फिरत राहिलं. दुसरी कुणी असती तर हसली असती, नाहीतर वाक्य विसरली असती. प्रेरणा थांबली. झाकण फिरून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मग वाकली, ते उचललं, पदरानं पुसलं, पातेल्यावर ठेवलं आणि त्याच्यावर हात ठेवूनच पुढचं वाक्य बोलली.



सर म्हणाले, "झाकण ठेवू या. ताई, प्रयोगात याच जागी सोडायचं, बरं का. एक सेकंदसुद्धा इकडे-तिकडे नको."

मग मला ते झाकण रोज वेळेवर सोडावं लागलं. तिच्यासाठी.

*

आणि आता प्रयोगाचं सांगते.

एटोबिकोचा हॉल दुपारीच भरला होता. मागे माणसं उभी. भाषणं संपली, जेवणं झाली, पडदा उघडला. माझ्या मनात काय होतं ते सांगते, तुम्ही मला नावं ठेवा. ती अडखळावी असं मला वाटत होतं. फार नाही, एकदाच. लोकांनी एकमेकांकडे बघून म्हणावं, "सुनंदाताई असत्या तर." एवढंच मागणं होतं.

ती अडखळली नाही. पहिल्या प्रवेशालाच हॉल तिचा झाला. गार फरशीवर ती अनवाणी चालली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईनं स्वतःचे पाय खुर्चीवर घेतले.

शेवटचा प्रवेश आला. मी चुलीपाशी, तोंड प्रेक्षकांकडे. ती बापाशी बोलली. मी झाकण सोडलं, अगदी वेळेवर. तिनं उचललं, पुसलं, ठेवलं आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसून आईशी बोलायला लागली.

आणि माझे ओठ हलायला लागले.

मी ते मुद्दाम केलं नाही. चौदा वर्षांची सवय. ती एक वाक्य बोलायची आणि आवाज न करता मीही तेच वाक्य म्हणायची. ती वाक्यं माझी होती. ती माझ्यासमोर वीतभर अंतरावर माझी वाक्यं घेऊन चालली होती आणि मला जागचं उठता येत नव्हतं. मला रडू आलं. खरं रडू, नाक गळेपर्यंत. लेक चालली म्हणून नव्हे. माझी जागा चालली म्हणून.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

नंतर माणसं भेटायला आली ती आधी तिच्याकडे आणि मग, मला कळेना, माझ्याकडे. पांढऱ्या साडीतल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. "बाई गं, लेकीला मनातल्या मनात केवढे आशीर्वाद देत होतीस. माझी आई अशीच बसली होती चुलीपाशी. तिचेबी ओठ हलत होते, मी पाहिलं होतं." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

मग खोब्रागडे सर आले. त्यांचेही डोळे लाल. म्हणाले, "सुनंदाताई, चौदा वर्षांत तुम्ही असं काम केलं नव्हतं."

"थँक यू, सर," मी म्हटलं.

परतताना नवरा गाडी चालवत होता, निखिल पुढे कानात हेडफोन घालून. मागे मी आणि प्रेरणा, मध्ये चुलीचं पातेलं आणि झाकण. तिच्या केसांतल्या पिना अजून तशाच होत्या. बाहेर चारशे एक हायवेवर ऊन पडलं होतं.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"तुम्ही मधलं एक वाक्य गाळलं."

मी खिडकीबाहेर बघत होते. स्टेजवर ती वीतभरावर बसली होती, माझे हलणारे ओठ तिला दिसले असणारच. "शक्य नाही," मी म्हटलं. "कोणतं?"

ती सरळ होऊन बसली. पुढे ऐकू जाणार नाही इतक्या हळू, माझ्याकडे बघत म्हणाली:

"आई, तुलाही जायचं होतं. मला माहीत आहे."